ट्रायपॉडवर किती वजनाचा कॅमेरा ठेवावा? नागपुरात आम्हाला रोज विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डीत कॅमेरे, लेन्स आणि ट्रायपॉड भाड्याने देण्याचं आमचं छोटं दुकान आहे. मागच्या टेबलावर दुरुस्तीही चालते. लग्नसराईत ट्रायपॉड सगळ्यात जास्त बाहेर जातात आणि सगळ्यात जास्त तक्रारी घेऊन परत येतात. कुणाचा पाय आपोआप आत सरकतो, कुणाचं हेड (पायांवरचा, कॅमेरा धरणारा भाग) मान टाकतं, कुणाची प्लेट (कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची पट्टी) हरवते. आणि काउंटरवर उभं राहून प्रत्येक जण एकच विचारतो, "भाऊ, हा किती वजन झेपतो?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलंय.

खोक्यावर "लोड ८ किलो" लिहिलंय. म्हणजे ८ किलोपर्यंत बिनधास्त ना?

नाही. हे वजन कसं मोजायचं, याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच चाचणी नाही. त्यामुळे एका कंपनीचे ८ किलो आणि दुसरीचे ८ किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. कुणी हात राखून आकडा छापतं, कुणी हात सैल सोडून. सव्वा किलोच्या ट्रायपॉडवर "२० किलो" छापलेलं दिसलं की आमच्याकडचा पोरगा म्हणतो, "रिकामं सिलिंडर ठेवून पाहू का?"

समजा आकडा प्रामाणिक आहे. तरी तो एवढंच सांगतो की इतकं वजन मधोमध, सरळ, शांत ठेवलं तर पाय घसरणार नाहीत आणि काही मोडणार नाही. तुम्हाला हवा असतो फोटो, आणि फोटो बिघडायला ट्रायपॉड मोडावा लागत नाही. तो नुसता थरथरला तरी पुरे.

किती थरथरला तर? हा हिशेब एकदा करून बघा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स लावली तर १०० मीटरवरचा सुमारे ६ मीटर रुंद पट्टा फ्रेममध्ये येतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा तो पट्टा ६,००० पिक्सेलमध्ये मांडतो. म्हणजे गोरेवाडा तलावाच्या काठावरून १०० मीटरवरचा बगळा टिपताना एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. एवढा फरक पडायला ४० सेंटिमीटर लांब लेन्सचं पुढचं टोक किती हलावं लागतं? चार हजारांश मिलिमीटर. केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. २४ मिमीच्या लेन्सने तेवढ्याच अंतरावर एक पिक्सेल २५ मिलिमीटरचा होतो, म्हणून तोच डुगडुगता ट्रायपॉड रुंद लेन्सखाली शहाण्यासारखा वागतो आणि लांब लेन्स चढली की अंगात आल्यासारखा हलतो. दोन्ही वेळी खोक्यावरचा आकडा मात्र तोच असतो.

मग माझ्या कॅमेऱ्यासाठी नेमका किती आकडा बघू?

आमचा दुकानातला ठोकताळा असा: कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स असेल तर एकूण वजनाच्या दुप्पट, ७०-२०० मिमीसारखी लांब लेन्स असेल तर तिप्पट. ४०० मिमीच्या पुढे तिप्पट हे किमान समजायचं आणि नंतर आकडा सोडून पायाच्या नळीची जाडी बघायची. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही, परत आलेल्या मालावरून बसलेला अंदाज आहे.

दोन उदाहरणं घेऊ. कॅनन १५००डी बॅटरीसह ४७५ ग्रॅमच्या आसपास, त्यावर १८-५५ची लेन्स साधारण २०० ग्रॅम. सगळं मिळून पाऊण किलोच्या आत. याला खोक्यावर दोन-तीन किलो लोड लिहिलेला ट्रायपॉड पुरतो. आता निकॉन डी८५० घ्या: बॅटरी-कार्डासह १ किलो, त्यावर २००-५००ची लेन्स २.३ किलो. झाले ३.३ किलो. इथे १० किलोच्या खाली बघूच नका.

ऑनलाइन घेताना एकक तपासा. परदेशी जाहिरातीत मोठ्या अक्षरात २२ लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक "पाउंड". २२ पाउंड म्हणजे १० किलो.

वजन मोजायचं कशावर?

किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. थट्टा नाही करत, तिथे ग्रॅममध्ये कळतं. पण वापरताना जसं असतं तसं मोजा: बॅटरी, कार्ड, हूड, फिल्टर, प्लेट, वर फ्लॅश किंवा माइक लावत असाल तर तोही. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचं गणित इथेच चुकतं. "कॅमेरा सातशे ग्रॅमचाच आहे," असं सांगतात आणि त्यावर केज (कॅमेऱ्याभोवतीची चौकट), मॉनिटर, वायरलेस, माइकचा रिसीव्हर आणि मागे भलीमोठी बॅटरी. काट्यावर ठेवलं की तीन किलो.

पाय १५ किलोचे आहेत, हेड ६ किलोचं. मग माझा ट्रायपॉड किती किलोचा?

सहाचा. साखळीत जी कडी कच्ची तीच मोजायची, आणि त्यात प्लेटही आली. शिवाय पायांना हेडचंही वजन उचलावं लागतं, ते पायांच्या हिशेबात धरा.

बॉल हेड घट्ट आवळतो, तरी कॅमेरा हळूहळू खाली झुकतो. काहून?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण यात मी स्वतः पोळलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्न होतं. मागच्या रांगेतून मंगलाष्टकं शूट करायची म्हणून ७०-२०० लावलेला कॅमेरा बॉल हेडवर, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या हेडवर, बसवला, अंतरपाट आणि दोघांचे चेहरे फ्रेममध्ये घेतले, नॉब आवळला, रेकॉर्ड दाबलं आणि दुसरा कॅमेरा घेऊन स्टेजवर गेलो. घरी येऊन बघतो तर पहिल्या मंगलाष्टकात सगळं ठीक. तिसऱ्यात नवरदेवाचा फेटा कापला गेलेला. पाचव्यात गळ्यातले हार. "शुभमंगल सावधान" झालं तेव्हा फ्रेममध्ये होते दोन पाट, अक्षतांचा सडा आणि भटजींच्या पायाचा अंगठा. हेडवर आकडा होता ८ किलो, माझं सामान अडीच किलोसुद्धा नव्हतं.

चूक हेडची नव्हती. लेन्सची कॉलर (लेन्सलाच धरून ट्रायपॉडवर बसवायचं कडं) काढून ठेवली होती आणि कॅमेऱ्याच्या बुडाला प्लेट लावली होती. अशा वेळी सगळ्या वजनाचा मध्य स्क्रूच्या बराच पुढे, लेन्सच्या बाजूला जातो. समजा ८ सेंटिमीटर पुढे गेला. २.४ किलो गुणिले ८ म्हणजे १९ किलो-सेंटिमीटरचा पीळ, आणि तो सतत बॉल फिरवू पाहतो. तेच वजन बॉलच्या बरोबर डोक्यावर असतं तर पीळ जवळपास शून्य. खोक्यावरचा आकडा अशा जवळपास शून्य पिळाच्या वेळचा असतो. भरलेली बादली हात खाली सोडून धरणं आणि हात लांब करून धरणं, एवढाच हा फरक.

कॅमेरा नीट मधोमध बसवला तरी तो वाकवला की पीळ येतोच. ३ किलोचा मध्य बॉलच्या १० सेंटिमीटर वर असेल आणि तुम्ही ४५ अंशांत झुकवलं, तर २१ किलो-सेंटिमीटर. म्हणून खाली तोंड करून जेवणाच्या ताटाचे फोटो काढणाऱ्यांची हेडं सगळ्यात आधी कुरकुरतात. त्यांना मी गियरचं किंवा तीन दांड्यांचं हेड सुचवतो.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. बॉलवर तेल किंवा ग्रीस लावू नका. "जाम झालं होतं म्हणून थोडं शिलाईमशीनचं तेल सोडलं," असं सांगत आलेली हेडं आम्ही उघडून पुसून दिली आहेत. पकड घर्षणाचीच असते, तिथे तेल घातलं तर झुकणारच. दुसरं, कधी कधी बॉल जागेवर असतो आणि प्लेटवर कॅमेराच फिरलेला असतो. स्क्रू १/४ इंचाचा, तो बोटाने आवळून भागत नाही. नाणं किंवा ॲलन की वापरा.

लेन्सबरोबर आलेली कॉलर लावलीच पाहिजे का?

हो. वरची गोष्ट परत वाचा. आणि कॉलर नसेल तर एवढी जड लेन्स केवळ कॅमेऱ्याच्या माउंटवर लोंबते, तेही बरं नाही.

सेंटर कॉलम वर केला की किती वजन कमी धरायचं?

किलोत उत्तर देता येणार नाही, पण कॉलम, म्हणजे मधली वर-खाली होणारी दांडी, पूर्ण वर काढला की तुमच्याकडे तीन पाय नसतात, तिघांच्या डोक्यावर उभी असलेली एक काठी असते. एकाच जाडीच्या नळीची लांबी दुप्पट केली तर तिचा वाकण्याला होणारा विरोध आठव्या हिश्शावर येतो. उंची हवी असेल तर आधी पाय उघडा, तेही वरचे जाड भाग आधी. सगळ्यात खालची बारीक नळी आणि कॉलम शेवटी, नाइलाज असेल तरच. लांब लेन्सवाल्यांना तर मी कॉलम काढूनच ट्रायपॉड देतो. थोडी भांडणं होतात.

कार्बनचा जास्त वजन झेपतो की ॲल्युमिनियमचा?

झेपण्यापेक्षा वाहून नेण्यात फरक आहे. जवळपास तेवढीच मजबुती कार्बनमध्ये कमी वजनात मिळते आणि थरथर साधारणपणे लवकर विरते. रामटेकच्या गडावर पायऱ्या चढून जाणार असाल तर तो पैसा वसूल आहे. लॉनमध्ये गाडीतून उतरवून उभा करायचा असेल तर ॲल्युमिनियमचा घ्या आणि वाचलेले पैसे हेडवर घाला.

दोन्हींत बघायचं ते नळीच्या जाडीकडे. नळीच्या भिंतीची जाडी आणि बनावट तीच ठेवून २५ मिमीऐवजी ३२ मिमीची नळी घेतली तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून दोन ट्रायपॉडवर आकडा सारखा असेल तर सगळ्यात खालच्या नळीला स्केल लावून पाहा. पाच तुकड्यांचा ट्रायपॉड बॅगेत सुरेख मावतो, पण त्याची शेवटची नळी पेन्सिलची मोठी बहीण असते.

खालच्या हुकाला बॅग लटकवली की मजबूत होतो ना?

वारा असेल तर कलंडायचा धोका कमी होतो, एवढं खरं. पण बॅग हवेत झुलत असेल तर ती घंटेच्या लोलकासारखी हलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळच्या वाऱ्यात हे बघायचं असेल तर कुठल्याही रविवारी या. बॅग जमिनीला जेमतेम टेकेल इतकी दोरी लांब ठेवा. आणि तिचं वजनही पायांनाच उचलायचं असतं, ते एकूण आकड्यात धरा.

जड लेन्स असेल तर एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेला, तिच्या खाली ठेवा. दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे लेन्स वळवली की पुढे कोसळायला एक धक्का पुरतो.

व्हिडिओ हेडवर "२ ते ८ किलो" असं का लिहितात? कमी वजन चालत नाही?

चालतं, पण नीट चालत नाही. व्हिडिओच्या चांगल्या हेडमध्ये (यालाच फ्लुइड हेड म्हणतात) स्प्रिंग असते. कॅमेरा पुढे झुकला की ती त्याला मागे ओढते, म्हणजे हात सोडला तरी कॅमेरा जिथल्या तिथे राहतो. ही स्प्रिंग ठरावीक वजनासाठी बसवलेली असते. वजन जास्त झालं तर कॅमेरा पुढे पडतो, कमी झालं तर तो आपोआप वर उसळतो आणि टिल्ट करताना शेवटी झटका बसतो. म्हणजे हलका कॅमेरा मोठ्या हेडवर ठेवणं हाही तोटाच. हे आकडे देताना वजनाचा मध्य प्लेटपासून किती उंच धरलाय तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ५५ मिमी. वर मॉनिटर आणि माइक चढवले की तो मध्य वर सरकतो आणि तेवढ्याच वजनाला हेड कमी पडतं. मॉनिटर वर न लावता बाजूच्या हाताला खाली लावून पाहा, फरक लगेच कळेल.

स्लायडर किंवा जिब त्याच ट्रायपॉडवर लावला तर?

जिबचं (टोकाला कॅमेरा लावून वर-खाली फिरवायचा लांब हात) गणित करून दाखवतो, कारण यात लोक खरंच फसतात. कॅमेरा २.५ किलोचा, टेकूच्या पुढे हात १.२ मीटर, मागे ०.४ मीटर. तोल साधायला मागे ७.५ किलोची वजनं लागतात. जिब स्वतः ४ किलो धरला तर ट्रायपॉडवर आले १४ किलो. "कॅमेरा तर अडीच किलोचाच आहे" हे वाक्य इथे कामाचं नाही.

स्लायडरमध्ये (कॅमेरा सरकवायची पटरी) वजन वाढत नाही, सरकतं. ६० सेंटिमीटरच्या स्लायडरच्या टोकाला २ किलोचा कॅमेरा गेला की ६० किलो-सेंटिमीटरचा पीळ, म्हणजे माझ्या मंगलाष्टकांच्या तिप्पट. दोन टोकांना दोन ट्रायपॉड लावा.

ताडोबा-पेंचला सफारीत कोणता ट्रायपॉड नेऊ?

सफारीत कोणताच नको. जिप्सीत सहा जणांच्या पायांत तीन पाय उघडायला जागा नसते, खाली उतरता येत नाही, आणि शेजारी कुणी हललं की गाडीच हलते. बीन बॅग न्या. कापडी पिशवी रिकामी न्यायची आणि तिकडे पोचल्यावर तांदूळ भरायचे. ती दांडीवर ठेवायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. ६०० मिमीच्या लेन्सला याच्याइतका स्वस्त आणि भक्कम टेकू मी पाहिला नाही. परतताना तांदळाची खिचडी.

रात्रीच्या आकाशासाठी पेंचला जात असाल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला आणि तेव्हापासून ताऱ्यांच्या मागे सरकणारे ट्रॅकर मागायला येणारी मंडळी वाढली आहेत. ट्रॅकर, त्याचा वेज (कोन साधायचा पाया), प्रतिवजन, वर बॉल हेड, वर कॅमेरा, आणि एक्सपोजर दोन-तीन मिनिटांचं. कॅमेरा एक किलोचा असला तरी इथे मी जाड पायांचा, बिनकॉलमचा, आणि कंबरेच्या वर न उघडणारा ट्रायपॉड देतो.

ट्रायपॉड चांगला आहे, तरी फोटो हलतात. आता?

मग पायाखाली बघा. नागपूरच्या आजूबाजूची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते. कॅमेरा चढवला की एक पाय अर्धा इंच जातो, थोड्या वेळाने दुसरा. उन्हाळ्यात तीच माती इतकी भेगाळते की पायाचं टोक भेगेतच जातं. फरशीचे तीन तुकडे गाडीत टाकून ठेवा. आधी प्रत्येक पाय हाताने दाबून रुतवा, मग लेव्हल करा, मग कॅमेरा चढवा.

दुसरी जागा म्हणजे पूल. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. असल्या पुलाच्या कठड्याशी उभं राहून दिव्यांच्या रेघा टिपायच्या असतील तर ट्रक गेला की तुमच्यासकट सगळं हलतं. तिथे ५० किलो झेपणारा ट्रायपॉडही तितकाच हलेल. दोन गाड्यांच्या मधली शांतता गाठायची, किंवा खाली जमिनीवर यायचं.

आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करून पाहा, दोन सेकंदांचा टायमर लावा, गळ्याचा पट्टा काढून ठेवा. पट्टा वाऱ्यात फडफडतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोबाइलसाठी?

दोनशे ग्रॅमला कुठलाही चालतो. क्लॅम्प मात्र चांगला घ्या. मोबाइल पडतो तो क्लॅम्पमधून.

वजन खरंच जास्त झालं तर आधी काय जातं?

आमच्या टेबलावर येणाऱ्या मालावरून सांगतो. आधी हेड झुकायला लागतं. मग पायांची कुलुपं घसरतात. फिरवायची असतील तर आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजलेल्या किंवा धुळीने भरलेल्या असतात, चापाची असतील तर त्यांचा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो आवळला की बरेचदा काम होतं. त्यानंतर वरच्या जोडणीत, जिथे तीन पाय भेटतात, तिथे खेळ येतो. स्वस्त ट्रायपॉडमध्ये हा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि त्याला बारीक चीर जाते. ती वाढू लागली की दुरुस्ती नाही. नळी मोडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली, त्यातली एक बैल उधळल्यामुळे.

घ्यायच्या आधी दुकानातच कसा तपासू?

पाय पूर्ण उघडा, कॉलम खाली. हेडच्या जागी तळहात ठेवून थोडं अंग टाका. एखादा पाय सरकला तर पुढे बोलायचंच नाही. मग वरून धरून दोन्ही हातांनी, जात्यासारखा, थोडा पिळा. स्वस्त आणि चांगला ट्रायपॉड वजनात कमी, पिळण्यात जास्त ओळखू येतो.

आता तुमचा स्वतःचा कॅमेरा, तुमची सगळ्यात लांब लेन्स लावा. स्क्रीनवर दहापट मोठं करून लांबच्या एखाद्या पाटीवर रोखा आणि लेन्सला बोटाने टिचकी मारा. चित्र किती वेळ थरथरतं ते मनात मोजा. एका सेकंदात थांबलं तर उत्तम. तीन-चार मोजून झाले तरी अक्षरं नाचतच असतील तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुमच्या लेन्सला तो ट्रायपॉड कमी आहे. शेवटी कॅमेरा ४५ अंशांत झुकवा, एक फोटो काढा, दुकानदाराशी पाच मिनिटं गप्पा मारा आणि हात न लावता दुसरा काढा. दोन्ही एकावर एक बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या, मी रोज कंटाळतो.

भाड्याने नेलेला ट्रायपॉड पाण्यात-चिखलात गेला तर डिपॉझिट कापता का?

धुऊन आणला तर नाही. पाय न मिटता, सगळे तुकडे उघडे ठेवून साध्या पाण्याने धुवा, तसाच उभा वाळवा आणि मगच मिटा. ओला मिटून बॅगेत भरून आणलात, आणि मला तो उघडताना आतून खिंडसी तलावाचं शेवाळ निघालं, तर कापतो.